खण उलटा करून बघा : जुनं जपानी तान्सू विकत घेताना

क्योतोच्या तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला मोठा बाजार भरतो. कूकाई ऊर्फ कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांच्या स्मृतिदिनाचा हा बाजार, म्हणून लोक त्याला लाडानं 'कोबो-सान' म्हणतात. पहिल्यांदा गेले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मी एका तान्सूपुढे, म्हणजे खणांच्या कपाटापुढे, हरखून उभी होते. शेजारी एक आजोबा आले. दुकानदाराला विचारून त्यांनी मधला खण पूर्ण बाहेर काढला, उलटा केला, तळाला नाक लावून वास घेतला, खण परत सरकवला आणि काही न बोलता पुढे गेले. दर्शनी लोखंडी नक्षीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्याच महिन्यात तोक्योतल्या एका दुकानातून मी माझं पहिलं तान्सू घेतलं. चकचकीत तपकिरी, काळ्याभोर कड्या, बघताक्षणी आवडलेलं. घरी आणल्यावर खण उलटा केला तर तळाला प्लायवूड. दुकानदार खोटं बोलला नव्हता, कारण मी काही विचारलंच नव्हतं.

तोक्योच्या निशी-कासाई भागात सहा वर्षं राहून पुण्याला परतले तेव्हा सोबत दोन तान्सू आणि तीन खोकी भांडी होती. ती घेताना जे शिकले ते खाली लिहिते. फार महागड्या, लिलावात विकल्या जाणाऱ्या वस्तूंबद्दल हा लेख नाही. पगारातून थोडे पैसे बाजूला टाकून जे घेता येतं त्याबद्दल आहे.

आधी काय घ्यायचं ते ठरवा

तान्सू हा शब्द जोडशब्दात शेवटी आला की 'दान्सू' होतो. कपड्यांचं ते इशो-दान्सू. बाजारात सगळ्यांत जास्त हेच दिसतं, आणि बहुतेकदा ते दोन भागांत, एकावर एक ठेवलेलं असतं. पुष्कळ छोट्या खणांचं वैद्याचं कुसुरी-दान्सू, दुकानाच्या गल्ल्याशेजारचं चोबा-दान्सू, स्वयंपाकघरातलं मिझुया, जिन्याच्या पायऱ्यांखाली खण असलेलं काइदान-दान्सू आणि जहाजाच्या कप्तानाची जडशीळ पेटी म्हणजे फुना-दान्सू.

सुरुवात इशो-दान्सूनं करा. ती भरपूर आहेत, त्यामुळे दहा बघून एक नाकारायची सवय लागते. फुना-दान्सूच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. साकाता, मिकुनी आणि सादो बेटावरचं ओगी ही त्यांची तीन नावाजलेली केंद्रं. बाहेर केयाकीचं कठीण लाकूड आणि जाड लोखंड, आत किरी नावाच्या हलक्या लाकडाचे घट्ट खण आणि चोरकप्पे. मोह होतो, आणि म्हणूनच त्यांच्या नकला भरपूर आहेत.

चाकांच्या तान्सूची गोष्ट मजेशीर आहे. १६५७ साली एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, मोठी आग लागली. माणसं चाकांची अवजड कपाटं ओढत पळत सुटली, रस्ते तुंबले आणि त्या गर्दीत कित्येक जीव गेले. पुढे १६८३ मध्ये मोठ्या शहरांत अशा कपाटांवर बंदी आली. त्यामुळे आज चाकं दिसली की किंमत चढते, आणि किंमत चढते म्हणून साध्या कपाटाला चाकं लावलीही जातात. खाली वाकून आस आणि चाकाचं भोक बघा. खरोखर ओढलेल्या चाकाचं भोक झिजून लंबगोल झालेलं असतं.

लाकडांची तीन नावं पाठ करा: किरी, केयाकी, सुगी. किरी अतिशय हलकं, फिकट, नखानं दाबलं तर खूण उमटेल इतकं मऊ. मुलगी जन्मली की अंगणात किरीचं झाड लावायचं आणि तिच्या लग्नात त्याच लाकडाचं तान्सू करून द्यायचं, अशी जुनी पद्धत होती. आपल्या रुखवताची आठवण आल्याशिवाय राहत नाही. केयाकी जड, ठळक रेषांचं, ते दर्शनी फळ्यांना वापरतात. सुगी हे देवदारासारखं स्वस्त लाकूड, ते कपाटाच्या सांगाड्याला आणि पाठीला असतं. एकाच कपाटात समोर केयाकी, आत किरी आणि मागे सुगी असेल तर ती फसवणूक समजू नका. तशीच रीत होती.

कुठे जायचं

'कोत्तोया' म्हणजे अँटीकचं दुकान आणि 'फुरुदोगुया' म्हणजे जुन्या सामानाचं दुकान. वस्तू कधीकधी तीच असते, कोत्तोयात किंमत मात्र तिप्पट. मी बहुतेक वेळा फुरुदोगुयाच्या दारात सापडले असते.

क्योतोत २१ तारखेला तोजी आणि २५ तारखेला कितानो तेन्मानगू देवस्थानाचा बाजार. तोक्योत इंटरनॅशनल फोरमच्या अंगणात साधारण पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी ओएदो बाजार भरतो, पण तिथे छोट्या वस्तू जास्त असतात. तोक्योतल्याच सेतागायाचा बोरोइची बाजार १५७८ पासून चालत आलाय, आता तो १५-१६ डिसेंबर आणि १५-१६ जानेवारीला भरतो. खाण्यासाठी जा, खरेदी झाली तर झाली. तान्सू नीट बघायचं असेल तर निशी-ओगिकुबोतल्या दुकानांच्या गल्ल्या बऱ्या. तिथे घाई नसते. शिवाय कोमाबामधलं निहोन मिंगेइकान, १९३६ साली उघडलेलं लोककलेचं संग्रहालय, खरेदीच्या आधी एकदा बघाच. नजर तयार होते, आणि पैसे फक्त तिकिटाचे लागतात.

मुंबईकरांना सुरुवात घरूनच करता येईल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाने दिलेल्या संग्रहातल्या जपानी वस्तू आहेत. चांगलं काम कसं दिसतं हे तिथे फुरसतीनं बघता येतं.

तपासणी: इथे वेळ घालवा

हात लावण्याआधी विचारा. 'सावात्ते मो ई देस का' एवढं वाक्य पुरतं. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा, लाखेवर ओरखडा उमटला तर तो कायमचा. सोबत टॉर्च, मोजपट्टी, छोटं लोहचुंबक आणि पांढरा कागद असू द्या.

पहिल्यांदा खण काढा, तोही मधला, कारण दुरुस्ती झाली असेल तर बहुतेकदा वरच्या आणि खालच्या खणांची झालेली असते. उलटा करा. जुन्या खणाचा तळ एकसंध फळीचा किंवा दोन-तीन फळ्यांचा असतो, रंग मधापासून राखाडीपर्यंत, आणि दोन्ही कडांना घासून गुळगुळीत झालेल्या पट्ट्या दिसतात. ऐंशी-शंभर वर्षं रोज सरकलेला खण तळाला सपाट राहूच शकत नाही. कपाटाच्या आतल्या पट्टीवरही तेवढीच झीज हवी. खण झिजलाय पण पट्टी कोरी आहे, तर खण दुसऱ्या कपाटातून आलाय.

सांधे बघा. किरीच्या खणांना लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडाच्या बारीक मेखा मारलेल्या असतात. जिथे लोखंड आहे तिथे हातानं ठोकलेला खिळा चौकोनी दिसतो. गोल तारेचे खिळे मेईजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, बाहेरून यायला लागले, त्यामुळे एदोकालीन, म्हणजे त्याआधीचं, म्हणून दाखवलेल्या कपाटात सगळीकडे गोल डोकी दिसली तर नम्रपणे हसून पुढे जा. तळाला किंवा पाठीला प्लायवूड असेल तर कपाट ताइशो काळातलं (१९१२ ते १९२६) किंवा त्यानंतरचं, नाहीतर दुरुस्त केलेलं. त्यात वाईट काही नाही, फक्त किंमत त्या हिशेबानं द्या.

मग कड्या. कडी उचलून सोडा. ती जिथे आपटते तिथे लाकडावर अर्धचंद्राची खळगी पडलेली असायला हवी. कडी जुनी आणि खळगी नाही, किंवा खळगी आहे पण कडीशी जुळत नाही, तर कडी बदललीय. बुजवलेली भोकं शोधा, ती काळ्या रंगाखाली लपवलेली असतात. लोखंडाच्या पट्टीभोवती लाकडावर गंजाची तपकिरी सावली उतरलेली दिसली तर समाधान माना. ती सावली तशी सहजासहजी रंगवता येत नाही. पितळ म्हणून सांगितलेलं चुंबकाला चिकटलं तर ते मुलामा दिलेलं लोखंड.

मोजपट्टी लावा. जपानी सुतार शाकूत मोजत असे. एक शाकू ३०.३ सेंटिमीटर, त्याचा दहावा भाग सुन. रुंदी साधारण ९१ म्हणजे तीन शाकू, १२१ म्हणजे चार शाकू. बरोब्बर ९० किंवा १०० निघाली की माझे कान टवकारतात. पुरावा म्हणून हे पुरेसं नाही, पण इतर शंका असतील तर त्यांना वजन येतं.

कीड. खण पांढऱ्या कागदावर धरून मुठीनं हलकेच ठोका. जुन्या भोकांतून मळकट धूळ पडली तर ठीक. फिकट, ताजा, पिठासारखा भुसा पडला तर आत कोणीतरी राहतंय.

आणि शेवटी वास. आजोबा काय शोधत होते ते मला फार उशिरा कळलं. जुन्या किरीला कोरडा, कागदासारखा, थोडा कापराचा वास येतो. कुबट वास म्हणजे ओल, आणि तिखट रासायनिक वास म्हणजे नुकतंच चोपडलेलं पॉलिश.

साल कसं वाचायचं

खणाच्या मागच्या बाजूला किंवा कपाटाच्या पाठीवर काळ्या शाईनं लिहिलेलं असेल तर दुकानदाराला मागूनच बघू द्यायला सांगा. लग्नाचं तान्सू असेल तर तिथे साल, महिना, क्वचित गावाचं नाव मिळतं. साल राजवटीच्या नावानं असतं. मेईजीच्या आकड्यात १८६७ मिळवा, ताइशोच्या आकड्यात १९११, शोवाच्या आकड्यात १९२५. मेईजी २५ म्हणजे १८९२.

जपानी येत नसेल तरी चिन्हं ओळखता येतात. मेईजीच्या पहिल्या अक्षरात सूर्य आणि चंद्र शेजारी-शेजारी उभे असतात. ताइशोचं पहिलं अक्षर हात-पाय पसरलेल्या माणसासारखं. शोवाच्या पहिल्या अक्षरात डावीकडे एकटा सूर्य. खणांवर वर-मधला-खालचा असंही लिहिलेलं आढळतं, कारण हातानं केलेला प्रत्येक खण आपल्याच जागी बसतो, दुसरीकडे अडतो.

बाजारात येणारी बहुतांश तान्सू मेईजी (१८६८ ते १९१२) आणि ताइशो (१९१२ ते १९२६) काळातली असतात. एदो काळात कोणी काय वापरायचं यावर निर्बंध होते, ते उठल्यावर सामान्य घरांतही लोखंडी नक्षीची कपाटं आली. त्यामुळे 'एदो' हा शब्द ऐकला की पुरावा मागा.

दुरुस्त केलेलं की जसंच्या तसं?

इथे माझं मत ठाम आहे आणि अनेक विक्रेत्यांना ते पटणार नाही. जसंच्या तसं घ्या, मळकट असलं तरी.

किरीचं कपाट जुनं झालं की ते रंध्यानं वरवर तासून, धुऊन, वर तोनोको नावाची मातीची भुकटी आणि याशा झाडाच्या फळांचा रंग चढवून नव्यासारखं करायची जपानमध्ये जुनी आणि सन्मान्य परंपरा आहे. कामो आणि कासुकाबे या शहरांतले कारागीर यात पटाईत आहेत. घरात वापरायला असं कपाट उत्तम. पण त्या तासण्यात शाईची अक्षरं, कड्यांच्या खळग्या आणि गंजाच्या सावल्या जातात, म्हणजे वर सांगितलेली सगळी साक्ष जाते. वाईट दुरुस्ती त्याहून वाईट: लाखेच्या जागी पॉलीयुरेथेन, लोखंडावर काळा ऑइलपेंट. ओळखायचं कसं? खऱ्या उरुशी लाखेची चमक खोलातून येते आणि कडांना झिजून खालचा थर डोकावतो. पॉलीयुरेथेन सगळीकडे सारखं, कोपऱ्यात ओघळ साचलेलं.

तान्सू परवडत नसेल तर

सुरुवात बशीपासून करा. मेईजी काळात निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या भांड्यांवर हातानं रंगवण्याऐवजी छाप वापरायला लागले, त्याला इन्बान म्हणतात. जवळून बघितलं तर नक्षीचे तुकडे जिथे जुळायला हवेत तिथे जुळत नाहीत, फुलाची अर्धी पाकळी भलतीकडेच जाते. मला ही घाई फार आवडते. अशी बशी मी ५०० येनलाही घेतलीय.

भांडं वाजवून घ्या, आपण माठ घेताना वाजवतो तसंच. बोटांच्या टोकांवर तोलून दुसऱ्या हातानं टिचकी मारा. बद्द आवाज म्हणजे न दिसणारी चीर. कडेवर नख फिरवा. सोन्यानं सांधलेलं, म्हणजे किन्त्सुगी असेल तर सांध्यावर अतिनील टॉर्च मारा, आजकालचे इपॉक्सी गोंद बहुतेकदा चमकतात. बुडाखाली इंग्रजीत 'जपान' किंवा 'निप्पॉन' लिहिलेलं दिसलं तर ते निर्यातीचं भांडं, कारण १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लिहावं लागत असे. आधी 'निप्पॉन', १९२१ नंतर 'जपान'.

चहाच्या समारंभातल्या वस्तूला लाकडी पेटी असते आणि पेटीवर कर्त्याची सही. ती पेटी, म्हणजे तोमोबाको, वस्तूइतकीच मोलाची. पण पेटी एका कपाची आणि आतला कप भलताच, हेही चालतं. कप आत ठेवून बघा, लुटुलुटू हलला तर शंका घ्या.

लोखंडी किटली, तेत्सुबिन, घेणार असाल तर आत बघा. आत काचेसारखा मुलामा असेल तर ती चहाची केटली आहे, चुलीवर ठेवायची नाही. मुलामा नसेल आणि आत लाल गंज असेल तर घाबरू नका. ग्रीन टीची पत्ती घालून पाणी पुन्हापुन्हा उकळा, चहातलं टॅनिन गंजाला धरतं आणि आतून काळा थर बसतो. घासू मात्र नका.

हस्तिदंताची नेत्सुके (किमोनोच्या कमरपट्ट्याला पिशवी अडकवायचे छोटे कोरीव गोटे), कासवाच्या पाठीचे कंगवे यांना हात लावू नका. आंतरराष्ट्रीय निर्बंध आणि आपला वन्यजीव कायदा या दोन्हींमुळे ते भारतात आणण्याचा विचारही नको. बॉक्सवूड या लाकडाची नेत्सुके छान मिळतात. तलवारींचाही नाद सोडा, दोन्ही देशांत कागदपत्रांचा डोंगर आहे.

शिंपल्याचं जडावकाम असलेल्या काळ्या लाखेच्या नानबान पेट्या दिसल्या तर थांबून बघा जरूर. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज जहाजं गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जायची, त्या गिऱ्हाइकांसाठी अशा पेट्या केल्या गेल्या. आपल्या खिशातल्या नाहीत, पण त्यांच्या प्रवासात गोवा आहे एवढं सुख पुरे.

भाव करणं

पुण्याच्या जुन्या बाजारातली पद्धत तिथे चालत नाही. अर्धी किंमत सांगून पाठ फिरवलीत तर परत कोणी हाक मारणार नाही. बाजार आवरण्याच्या सुमारास, दोन-तीन वस्तू एकत्र घेताना, 'मोउ सुकोशी, ओयासुकु नारिमासेन का' असं हळू आवाजात विचारा. दहा टक्के सुटले तर आनंदानं घ्या. रोकड ठेवा. दोष दिसला तर तो मोठ्यानं जाहीर करू नका, बोट ठेवून विचारा की हे काय आहे. दुकानदार बहुधा खरं सांगतो. माझा अनुभव असा की न विचारलेलं मात्र सांगत नाही.

जपानची घरं लहान झालीत आणि वाडवडिलांचं तान्सू ठेवायला जागा नाही. म्हणून कपाट स्वस्त आणि वाहतूक महाग, हा उलटा हिशेब आधीच करून ठेवा.

घरी आणताना

समुद्रमार्गे सुटं सामान घनमीटरवर मोजतात. ९१ × ४५ × ११० सेंटिमीटरचं कपाट सुमारे ०.४५ घनमीटर, खोक्यासकट ते ०.६-०.७ वर जातं. कोटेशन मागताना न्हावाशेवापर्यंतचा दर वेगळा आणि तिथून घरापर्यंतचा वेगळा मागा. बंदरातले हाताळणीचे खर्च आणि कस्टम एजंटची फी यांनी मला जितकं घामाघूम केलं तितकं भाड्यानं केलं नाही. शुल्काबद्दल एजंटशी माल निघण्याआधी बोला. कायमचे परतत असाल तर घरसामानाबरोबर पाठवणं सोयीचं पडतं.

बाहेरच्या लाकडी खोक्यावर उष्णता-प्रक्रिया झाल्याचा गव्हाच्या लोंबीचा शिक्का हवा, नाहीतर माल अडतो. निघण्याआधी कपाटाला धुरी द्यायला सांगा. प्रत्येक खणाच्या मागे पेन्सिलनं आकडा घाला, फोटो काढा, पावती जपा. पावतीवर अंदाजे काळ लिहून घ्या.

एक गोष्ट आणण्याआधीच लक्षात असू द्या. भारतात १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तिची निर्यात खासगी माणसाला करता येत नाही. पुढे परदेशी जायचा बेत असेल तर आधी नीट सल्ला घ्या. कपाट इथेच राहू शकतं.

पावसाळा

किरी दमट हवेत फुगतं आणि सांधे घट्ट होतात, कपडे कोरडे राहतात ते त्याचमुळे. चांगल्या तान्सूचा एक खण आत ढकलला की आतली हवा दाबली जाऊन दुसरा खण हळूच बाहेर येतो. हे पाहुण्यांना दाखवायला मला अजूनही आवडतं.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, खाली लाकडी ठोकळे द्या म्हणजे वाळवी दिसेल. एसीचा झोत आणि ऊन थेट नको, उन्हानं लाख पांढुरकी पडते. किरीवर ओलं फडकं कधीच नाही. मी एकदा पुसलं, पाण्याचे डाग कायमचे राहिले. खणात कापूर ठेवला असेल तर डांबरगोळ्या ठेवू नका, दोन्ही एकत्र आले की वितळून कपड्यांवर तेलकट डाग पडतात. खण अडला तर पट्ट्यांवर पांढरी मेणबत्ती घासा.

पहिल्या जुलैत वरचा खण घट्ट अडकला तेव्हा मला हे माहीत नव्हतं. सुताराला बोलावलं. "ताई, दोन मिनिटांचं काम," म्हणत त्यानं रंधा मारला, खण लोण्यासारखा सरकू लागला आणि मी त्याला चहाही दिला. जानेवारीत हवा कोरडी झाली तेव्हा त्या खणाच्या दोन्ही बाजूंना करंगळी जाईल एवढी फट पडली होती. खालचे तीन खण मात्र एकमेकांना अजूनही ढकलतात. वरच्यात मी विजेची बिलं ठेवते.